बिनटोपीचा सॅल्यूट

रविवारी दुपारी टीव्हीवर जुने कृष्णधवल सिनेमे लागतात. माझा थोरला भाऊ सैन्यातून निवृत्त होऊन नंदाखाल गावातल्या घरी आला, तेव्हापासून आम्ही ते एकत्र बघायचो. त्या दिवशीच्या सिनेमात लढाईवरून परतलेला शिपाई वेशीपाशी उतरतो. हार, गुलाल, ढोल. मग तो आईपुढे उभा राहून कडक सॅल्यूट ठोकतो.

दादा मोठ्यानं हसला. "टोपी कुठाय त्याची? उघड्या डोक्यानं सॅल्यूट नसतो रे! आमच्या सुभेदारानं मैदानभर पळवला असता याला."

मला हसू आलं नाही. वालीवच्या ज्या कारखान्यात मी हिशेब बघतो, तिथंच दादाला मी गेटवर लावलं होतं. शेठला रखवालदार फौजीच हवा होता. पाहुण्यांना घेऊन गाडी आली की सॅल्यूट बसला पाहिजे, एवढीच अट. दादा मात्र गाडी दिसली की टोपी काढून हातात घ्यायचा आणि ताठ उभा राहायचा. शेठला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस आहे, टोपी काढून मान देतो.

"म्हणजे तू मुद्दाम काढतोस?"

"शेवटचा सॅल्यूट मी एका शवपेटीला केला," दादा टीव्हीकडे बघतच म्हणाला. "आत माझ्याच खंदकातला पोरगा होता. आता शेठच्या गाडीसाठी हात वर जात नाही. तू आहेस तिथं, तुला त्रास नको, म्हणून टोपी काढतो. कुणाला बोलू नकोस."

मी बोललो. सोमवारी कारखान्यात चहाच्या वेळी शेठ खुशीत होता आणि मला त्याला हसवायचं होतं. शवपेटीचं सांगितलं नाही, फक्त टोपीची गंमत सांगितली.

"च्यायला, फौजी भलताच चालू निघाला की!" शेठ खूप हसला.

दुसऱ्या दिवशी गाडी गेटवरच थांबली. शेठ खाली उतरला. "टोपी राहू दे डोक्यावर, फौजी. हां, आता मार सॅल्यूट."

लेथवरची माणसं काम सोडून बघायला आली. दादा सावधान उभा राहिला. टोपी डोक्यावर, हात पँटच्या शिवणीला चिकटलेले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी ऑफिसच्या दारात होतो. "शेठ, असू द्या," एवढंच म्हणायचं होतं. मी खाली बघितलं.

दादानं टोपी काढून स्टुलावर ठेवली, डबा उचलला आणि हायवेच्या दिशेनं चालू लागला.

त्यानं मला आजवर काही विचारलेलं नाही. दिवसभर केळीच्या बागेत असतो. रविवारी टीव्ही लावत नाही. मी अजून त्याच गेटातून कामाला जातो.

परवा घरी पाहुणे जमले होते. मामा म्हणाला, "काय रे फौजी, एवढी सावलीतली नोकरी का सोडलीस?"

मी ताटातला घास तसाच धरून बसलो.

"टोपी घट्ट व्हायची, मामा," दादा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो.