पहिला फोन कोणाला

नेई ओरेबाचं, म्हणजे ओरेबाबाईंचं, कौतुक सांगणारे आमच्या तारावा बेटावर पुष्कळ भेटतील. मी त्यातली नाही. तिने माझी एकुलती एक मुलगी पळवली, तीही हसतहसत, हातात फोन धरून.

ओरेबा इथल्याच बेतिओच्या मच्छीमाराची पोर. फिजीत सुवाला जाऊन शिकली आणि परतली ती आमच्या शाळेत बाई होऊन. बाकीचे मास्तर वर्गात फोन दिसला की हिसकावून घेतात. ही म्हणाली, "आणा फोन. उद्या नोकरीत हेच करायचंय." तिने फेसबुकवर शाळेचं पान काढलं. पोरी घरी विणलेल्या चटयांचे फोटो टाकायच्या, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायच्या, कोणी चिडलं तर समजूत काढायच्या. आठवड्याला एकीची पाळी. "नवरा नाही, पोर नाही, वेळच वेळ आहे बाईला," मी म्हणायची. हो, म्हणायची!

आमची तिनाई शाळा सुटली तरी तिच्याच घरी. मी मासे भाजून वाट बघत बसायची आणि ही तिथून जेवून यायची. वर घरात पाऊल टाकल्यापासून बाईंचीच टकळी.

"मग तिकडेच राहा की!" एकदा मी ओरडले.

"विचारू का त्यांना?" पोरगी म्हणाली. थट्टाच होती, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अशात ब्रिस्बेनच्या एका हॉटेलवालीने खोल्यांसाठी चटया सांगितल्या. शिवाय लिहिलं, पाहुण्यांच्या मेसेजना उत्तरं द्यायला इथे हॉटेलात एक मुलगी हवी आहे, तुमच्याच वर्गातली घेईन. पाळी नेमकी तिनाईची होती. नोकरी कोणाला मिळणार ते सगळ्या वर्गाला कळून चुकलं.

तिनाईने तयार चटयांचे फोटो टाकले. खाली तिच्या नाउरूच्या काकाने लिहिलं, "सुरेख झाल्यात गं पोरी. बुबुती करतो, एक मला दे." आता आपल्या माणसाने बुबुती केली, तोंडाने मागितलं, की नाही म्हणता येतं का? त्यातून चारचौघांत मागितलेलं, आणि तिथे तर सगळं जग बघतंय. पोरीने लिहिलं, "घ्या, काका." झालं! मार्शल बेटांवरची मावशी जागी झाली, फिजीतला आतेभाऊ जागा झाला, मग बाकीच्या पोरींचे नातलग. आठवडा संपेपर्यंत हॉटेलवालीसाठी एक चटई उरली नाही.

तिनाई रडत आली. माझ्याकडे आली! मी तिला पोटाशी धरलं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"दिलंस ते बरोबर केलंस," मी म्हणाले. "हे तुला मी शिकवलंय. तुझ्या बाईंनी नाही."

तेवढ्यात ओरेबा दारात. ही पोरीला झाडणार, मग मी हिला झाडणार, अशी मी तयारीतच होते. पण ती शांतपणे खाली बसली. "हॉटेलवालीला उत्तर लिहिलंस?"

"काय लिहू, बाई? मी सगळं घालवलं."

"घालवलं ते लिही. का दिलं ते लिही. नव्या कधी देशील ते लिही. मी सांगणार नाही हं शब्द."

पोरीने डोळे पुसले, माझ्या कुशीतून उठली आणि तिच्याशेजारी जाऊन बसली.

हॉटेलवालीचं उत्तर आलं. चटयांसाठी ती थांबायला तयार होती. मुलगी मात्र हीच हवी होती, जी चूक झाकत नाही.

विमानतळावर तिनाई आधी ओरेबाच्या गळ्यात पडली, मग माझ्या. "पोचले की फोन करते," म्हणाली. कोणाला, ते नाही म्हणाली.

ओरेबाकडे मी जन्मात कधी चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले आणि बुबुती केली. "पोर पहिला फोन तुलाच करणार. तो मला दे."

ओरेबाचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे तीही वाटच बघत होती. पण नाही कशी म्हणेल? तिने फोन माझ्या हातात ठेवला आणि मागच्या अंगणात निघून गेली.

थोड्या वेळाने तो वाजला.

"बाई, पोचले मी! आईला एवढ्यात सांगू नका हं. मला सारखं रडू येतंय, ती उगाच जिवाला लावून घेईल. आधी तुमच्याशी बोलते. बाई? ऐकताय ना?"

मी तोंड उघडलं. 'अगं, मी आई' एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढं म्हटलं असतं, तर पोरीने डोळे पुसले असते आणि सगळं छान आहे म्हणून सांगितलं असतं.

"हं," मी म्हणाले. ओरेबा म्हणते तसं, तुटक. आणि माझी तिनाई रडत रडत सगळं सांगायला लागली.