शिरीषच्या ग्लासवरचं कोस्टर

शिरीष गेला.

काल दुपारी. जर्सी सिटीत, स्वतःच्या घरी, स्वतःच्या बेडवर. हॉस्पिटलात नाही.

हे मुद्दाम लिहितोय. कालपासून ज्याचा फोन येतो तो हेच विचारतो, "ट्रीटमेंट का थांबवली रे?"

तेच तेच सांगून थकलोय. म्हणून एकदाच इथे लिहितो. प्लीज, वैशालीवहिनींना फोन करून विचारू नका.

शिरीष इथे न्यू जर्सीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. तो नागपूरचा, मी पुण्याचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "पुण्याचा ना बे तू? मग चहा मीच पाजतो. तुझ्याकडून कोणी अपेक्षा नाही करून राहिलं."

२००५ साली कंपनीने आम्हा दोघांना जर्मनीत कोलोनला पाठवलं. क्लायंटची सिस्टिम नव्या सर्व्हरवर हलवायची होती.

पहिल्या शुक्रवारी कोणीतरी कॅथेड्रलजवळच्या एका जुन्या ब्रुअरीचा पत्ता दिला. लाकडी बाकं, तुफान गोंगाट, आणि निळा एप्रन घातलेला, एरंडेल प्यायल्यासारख्या चेहऱ्याचा वेटर.

तिथली लोकल बिअर म्हणजे क्योल्श. ग्लास एवढासा. पंचपात्रापेक्षा जरा उंच.

"हे काय बे," शिरीष म्हणाला, "तीर्थ देऊन राहिला का हा?"

ग्लास संपला. वेटरने न विचारता दुसरा आणून ठेवला आणि खालच्या पुठ्ठ्याच्या कोस्टरवर पेन्सिलीने हिशोबाची रेघ मारली. तो संपला, पुन्हा नवा. पुन्हा रेघ.

मी "नो, थँक यू" म्हणालो. त्याने ऐकलंच नाही.

शिरीषला वाटलं, हा आग्रह आहे. आणि पानात काही टाकायचं नाही, हे आईने लहानपणी धपाटे घालून शिकवलेलं. मग काय, एकदाचं संपवून उठू म्हणून हा ग्लास रिकामा करायचा, आणि रिकामा दिसला की वेटर भरलेला आणायचा.

"यार, हा माझ्या मामीपेक्षा डेंजर आहे. मामी निदान मध्ये पाणी तरी पिऊ देते."

शेवटी शेजारच्या बाकावरच्या एका आजींना आमची दया आली. त्यांनी स्वतःचं कोस्टर उचललं आणि आपल्या ग्लासच्या तोंडावर झाकणासारखं ठेवलं. वेटरने बघितलं, मान हलवली, पुढे गेला.

बास. एवढंच करायचं असतं तिथे.

"म्हणजे पंगतीत पानावर आडवा हात!" शिरीष ओरडलाच. "फक्त इथे त्यानंतर कोणी खरंच वाढत नाही बे!"

याचं त्याला इतकं कौतुक वाटलं की त्या रेघांचं कोस्टर तो मागून घेऊन घरी आला. मग आम्ही कधी जेवायला गेलो आणि वहिनींनी आणखी एक पुरणपोळी आणली, की हा ते कोस्टर ताटावर ठेवायचा. वहिनी कोस्टरवर पोळी वाढायच्या. "तुमचे कोलोनचे कायदे न्यू जर्सीत चालत नाहीत."

गेल्या वर्षी त्याला कॅन्सर निघाला. स्वादुपिंडाचा.

एक केमो झाली. ती चालेना म्हणून दुसरी.

सनीव्हेलच्या मित्राने डॉक्टर सुचवला, अल्फारेटाच्या काकूंनी काढा. रिपोर्ट स्कॅन करून जगभर पाठवायचं काम माझं.

तो "बास यार आता" म्हणायचा. आम्हाला ते पंगतीतलं "नको नको" वाटायचं.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यूस्टनला नवीन औषधाची ट्रायल आहे म्हणतात. तुमचं ऐकतो तो. एकदा सांगून बघा ना."

गेलो. रविवारची दुपार होती. शिरीष बेडवर बसलेला, समोर वहिनींनी ठेवलेला प्रोटीन शेकचा ग्लास.

मी प्रिंटआउट काढून सुरू झालो. फ्लाइट मी बघतो, हॉटेल मी बघतो, ऑफिसचं मी बघतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवर उघडून ते कोस्टर काढलं. कडा फुगलेल्या, रेघा पुसट झालेल्या. ठेवताना ते ग्लासवरून दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा बसलं.

मी चिडलो. खरंच चिडलो. "हा काय फाजीलपणा आहे शिरीष?"

"तू तर होता ना बे तिथं," तो म्हणाला. "त्या वेटरला समजलं. तुला काऊन नाही समजून राहिलं?"

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि तो ग्लास कोस्टरसकट उचलून किचनमध्ये घेऊन गेल्या. मग नळ बराच वेळ वाहत होता.

बेडच्या पायथ्याशी बसलेली त्याची मुलगी इरा माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, ही सेड नो. सो वी स्टॉप, राइट?"

बारा वर्षांची पोर. मी फक्त मान हलवली.

त्यानंतर त्या घरात कोणी कसलाही आग्रह केला नाही. घरी नर्स यायची, दुखणं आटोक्यात ठेवायची. शिरीषने एकदा चिंचेचं वरण मागितलं, दोन चमचे खाल्लं, पुरे म्हणाला. वहिनींनी वाटी उचलली. त्याने इराच्या गणितात चुका काढल्या, माझ्या पुण्यावर जोक मारले. त्याला हवे होते ते दिवस त्याला मिळाले.

आणखी प्रयत्न करायला हवे होते, असं ज्यांना वाटतंय त्यांच्याशी मी भांडणार नाही. ताकद नाही. मला स्वतःला रोज पहाटे तसंच वाटतं.

पण पान त्याचं होतं. आम्ही नुसते वाढपी.

काल सगळं आवरल्यावर बघितलं, बेडशेजारी पाण्याचा ग्लास होता. अर्धा भरलेला. वर कोस्टर.

कोणीच उचललं नाही. मीही नाही.

शिरीष, मित्रा, नीट जा. मनापासून श्रद्धांजली.

आग्रह नाही.