फुल्लभाऊंचं हळू गाणं

फुल्लभाऊंना कुणाच्या कानात काही सांगणं आयुष्यात जमलं नाही. जव्हारच्या एसटी डेपोत त्यांनी कुणाला "जरा बाजूला ये, खासगी बोलायचंय" म्हटलं, की अख्ख्या रांगेला कान न टवकारता सगळं ऐकू यायचं. आम्ही चिडवलं, तर खापर गावावर फुटायचं. "आमच्या जामसरात या बांधावरून त्या बांधावर हळू बोललास, तर बैल पण बघनार नाय!"

डेपोजवळच त्यांचं स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. तरुणपणी ठाण्याच्या कारखान्यात असताना त्यांना रॉकच्या कॅसेटींचा नाद लागला. परतताना ते एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि मानेवर रुळणारे केस घेऊन आले आणि त्यांनी 'वादळ' नावाचा बँड काढला. मी दिवसा कारकुनी करायचो आणि संध्याकाळी वादळात ड्रम बडवायचो. गाणं कुठलंही असो, भाऊंची सूचना एकच, "फुल्ल कर!" मग कोंबड्या सैरावैरा पळायच्या आणि हळदीला जमलेल्या म्हाताऱ्या पदर कानावर ओढून नाचायच्या. भाऊंना नाव पडलं ते तिथूनच.

असा हा माणूस मोखाड्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरच्या प्रेमात पडला. सिस्टर नाशिककडच्या, फार कमी बोलणाऱ्या. मोखाड्यातल्या एका हळदीनंतर त्या भाऊंना म्हणाल्या, "तुमचं गाणं आमच्या पेशंटांनाही ऐकू आलं. शब्द मात्र एकही कळला नाही." दुसरा कुणी खजील झाला असता. भाऊ मात्र "सिस्टर आपलं गाणं ऐकते" असं सांगत बाजारभर फिरले.

पावसाळ्यात कळलं, की सिस्टरनी गावाकडे बदली मागितली आहे आणि दिवाळीनंतर त्या जाणार. भाऊंचा चेहरा एवढासा झाला. "बोलाय तर पायजे रं," ते म्हणाले, "पण मी बोललो का सगळा मोखाडा ऐकनार."

"मग गाण्यात सांगा," मी म्हटलं. "हळू."

ती तालीम आठवली, की मला अजून हसू येतं. माझ्या काठ्या काढून घेऊन मला बोटांनी ड्रम वाजवायला लावलं. बेस गिटार वाजवणारा आमचा वायरमन रुसला. "रॉक बँड हाय का पाळनाघर?" भाऊंना शब्द सुचले, पण हळू आवाज काही सापडेना. एक तर डरकाळी निघायची, नाहीतर नुसती हवा. हळद घातलेलं दूध पिऊन पिऊन ते कंटाळले, पण मागे हटले नाहीत.

मोखाड्याच्या गणपतीत आमचा कार्यक्रम ठरला. वादळाची कीर्ती ठाऊक असल्यामुळे सिस्टर दवाखान्यातून कापूस घेऊन आल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या बायाबापड्यांना बोळे वाटून त्यांनी स्वतःच्याही कानांत घातले. भाऊंनी डोळे मिटले.

"जामसरच्या उतारावर भात हलतो वाऱ्यानं,
तसं माझं मन हलतं तुझ्या एका बोलण्यानं…"

मागून आरोळी आली, "आवाज येत नाय!" पोरं ओरडायला लागली, "फुल्ल कर! फुल्ल कर!" स्पीकरवाल्याने बटण पिळलं, तशी कर्कश शिट्टी निघाली. भाऊ थांबले. त्याच्याकडे वळून म्हणाले, "कमी कर."

भाऊंच्या तोंडून हे शब्द ऐकून मांडव गप्पच झाला. भाऊंनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला सिस्टरनी एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्यातला. मी बोटं आणखी हलकी केली.

प्रसाद घेताना त्या भाऊंना म्हणाल्या, "शब्द कळले." बदलीचा अर्ज त्यांनी मागे घेतला. दोघांच्या वरातीत वादळ अर्थातच फुल्ल वाजलं.

पुढे माझीच बदली झाली आणि बँड मोडला. बऱ्याच वर्षांनी मोखाड्याला त्या दोघांच्या घरी गेलो, तर गल्लीच्या तोंडापासूनच भाऊंचं ते हळू गाणं कानांवर आदळायला लागलं. भाऊ ओट्यावर डोळे मिटून बसले होते. इतकी वर्षं स्पीकरपुढे उभं राहून त्यांचे कान गेले होते. समोरचा दुकानदार कानांत कापूस घालून साखर तोलत होता.

आवाज कमी करा, हे सांगायला मी भाऊंच्या खांद्याकडे हात नेला. सिस्टरनी मला दारातूनच अडवलं.

"सांगू नका हो. त्यांना वाटतं, ते हळूच गातात."

मी त्यांच्या कानांकडे पाहिलं. कापूस नव्हता.