डॉक्टरीणबाईंबरोबर शिरूर ते दौंड

सकाळी सहाला दारात जीप उभी राहिली. माझी बायको सुलभा चालकाशेजारी बसली आणि मी मागे, औषधांच्या खोक्यांच्या सोबतीला. भूगोलाचा मास्तर म्हणून मी तीस वर्षं मुलांना भीमेचं खोरं शिकवलं; पण ती नदी पाहिली फक्त रेल्वेच्या खिडकीतून, तीही अर्धवट झोपेत. निवृत्तीनंतर ही उणीव भरून काढावी म्हणून मी सुलभाच्या मागे लागलो होतो.

ती मनोविकारतज्ज्ञ आहे. महिन्यातून दोनदा शिरूर आणि दौंड तालुक्यांत जाते. तिथे तिचं एक छोटं पथक आहे आणि ती त्याची प्रमुख. घरी आज भाजी कोणती हे ठरवायला जिला अर्धा तास लागतो, ती तिथे काय ठरवत असेल याची मला खरोखर उत्सुकता होती.

"अट एकच," ती मागे न वळता म्हणाली. "पेशंटसमोर भूगोल शिकवायचा नाही."

शिक्रापूरला गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या बसगाड्या, आणि दर चौथ्या भिंतीवर 'रूम भाड्याने देणे आहे'ची पाटी, मराठीत आणि हिंदीत. मी उतरून चहाच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्याने विचारलं, "कितना, भैया?" मी शुद्ध पुणेरीत तीन चहा मागितले. तो ओशाळून हसला. "मराठी हाय व्हय तुम्ही? आधी नाय का सांगायचं, पाव्हनं!" दिवसभराच्या शिकण्याची सुरुवात तिथेच झाली.

शिरूरच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसं बसलेली. रुक्साना सिस्टर त्यांच्यातून अशा हिंडत होत्या, जणू लग्नघरातली थोरली जाऊ. त्यांच्या चार पिढ्या शिरूरच्याच. कोणाची सून माहेरी गेली, कोणी गोळ्या कणगीत लपवल्या (कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली), हे सगळं त्यांना पाठ, आणि शिवाय एका जाड वहीत लिहिलेलं. समाजसेवक गणेश मोबाइलवर सगळ्यांच्या तारखा नोंदवत होता. पथकप्रमुख मात्र एका कोपऱ्यात बसून एकेकाला विचारत होत्या, "झोप लागते का?" मी मनात म्हटलं, हे तर मलाही जमेल.

दुपारी मांडवगण फराट्याहून फोन आला. संतोष नावाचा पस्तिशीचा पेशंट तीन दिवसांपासून शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत आतून कडी लावून बसला होता. त्याला माणसं नसताना आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी वर्षभर तो चांगला होता. आता गोळ्या बंद. वडील म्हणाले होते, "आज न्या, न्हाईतर आम्ही बांधून आणतो."

सिस्टर आणि गणेशला घेऊन न्हावऱ्याच्या रस्त्याने निघालो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोरून डुलत येत होते आणि आमचा चालक दर वेळी जीप मातीत उतरवत होता. जानेवारीची ज्वारी निसवून कणसं भरलेली, ऊन कोवळं. मी पाहत होतो भीमेकडे उतरत जाणारी काळी जमीन.

शेतावर दहा-बारा माणसं जमलेली. संतोषचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, पांढऱ्या टोपीत ताठ उभे. त्यांच्या पायाशी दोराचं वेटोळं. मी घाईने पुढे झालो आणि थेट पाटात (पाणी सोडायच्या चरात) गुडघ्यापर्यंत गेलो. कोणी हसलं नाही. तेव्हा मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

"डॉक्टरीणबाई, पोरगं जेवत न्हाई, बोलत न्हाई," आबा म्हणाले. "गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई. गाडीत घाला आन् न्या."

गणेशचंही तेच मत पडलं. "मॅडम, धोका नको. आज भरती करू. उद्या काही झालं तर आपल्यावर येईल."

रुक्साना सिस्टर म्हणाल्या, "माझ्याशी बोलंल तो. थोडं थांबा."

सुलभाने दोघांकडे पाहिलं. "कोणावर येईल ते मी बघते," ती गणेशला म्हणाली. मग आबांना, "आबा, दोर आधी घरी पाठवा. आणि ही सगळी मंडळीही. संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे."

आबांना ते रुचलं नाही, पण माणसं पांगली. सिस्टर दारापाशी जमिनीवर बसल्या. आत काही हालचाल नाही. बांधापलीकडे आबांच्या भावाने आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटवली होती. पाहुण्यांना उपाशी कसं ठेवायचं म्हणून त्याने कोवळी कणसं भाजून, चोळून दाणे आमच्या हातांवर ठेवले. सिस्टरांनी त्यातले मूठभर दाराच्या फटीतून आत सरकवले.

"संतोषभाऊ, गरम हाय. खा."

पाऊण तासाने आतून आवाज आला. "सिस्टर, तुम्हाला सांगितलं व्हतं मी."

"व्हय. सांगितलं व्हतं."

"माझं हात कापत्यात. ट्रॅक्टरला गिअर टाकताना समदी हसत्यात. गोळ्या खाऊन बरा व्हतो, पर ड्रायव्हर ऱ्हात न्हाई. मंग काय उपेग?"

सिस्टरांनी वही उघडून सुलभापुढे धरली. दोन महिन्यांपूर्वीची नोंद होती: हात थरथरतात, मॅडमना सांगितले. सुलभाने ती वाचली. तिला आठवलं असावं. त्या दिवशी गर्दी होती आणि तिने "बघू पुढच्या वेळी" म्हणून पुढचा पेशंट बोलावला होता, असं तिने मला नंतर सांगितलं.

ती उठली, दारापाशी जाऊन सिस्टरांशेजारी मातीत बसली आणि आबांना, गणेशला, मला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "संतोष, चूक माझी आहे. सिस्टरांनी मला सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही. त्या गोळ्यांनीच हात थरथरत होते."

बत्तीस वर्षांच्या संसारात 'चूक माझी आहे' हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, तेही दुसऱ्याला उद्देशून.

मग कडी निघाली. दाढी वाढलेला, डोळे आत गेलेला माणूस उंबऱ्यावर आला. आबा पुढे सरसावले आणि थांबले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. संतोषने आपले दोन्ही हात सुलभासमोर धरले. थरथर अजून थोडी होती.

सुलभाने तिथेच बसून त्याला तपासलं, पुष्कळ प्रश्न विचारले, गोळी बदलली. गुरुवारी सिस्टर घरी येतील असं ठरलं. त्याआधी झोप उडाली किंवा आवाज वाढले तर आबांनी फोन करायचा आणि स्वतः त्याला दवाखान्यात आणायचं. "शेजारी बसवून," ती म्हणाली. आबांनी मान डोलावली.

दौंडला पोचायला उशीर झाला. पुलावरून मी भीमा पाहिली, मध्ये वाळूचे पट्टे आणि कडेला संथ पाणी, पण वर्णन करावं इतकं लक्ष नव्हतं. दौंडच्या दवाखान्यात माणसं ताटकळली होती. एक रेल्वेतून निवृत्त झालेले मामा मला म्हणाले, "गाडी लेट असली का सांगतात तरी. तुमचं कोण सांगणार?" मी पथकातर्फे माफी मागितली, आज वारच माफी मागण्याचा होता. आत सुलभा प्रत्येक पेशंटआधी सिस्टरांना विचारत होती, "तुमच्या वहीत काय आहे?" तिसऱ्या पेशंटनंतर सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आता एवढं बी विचारू नका, रात व्हईल."

परतताना चौफुल्याला चहाला थांबलो. गणेश आणि सिस्टर दौंडहूनच शिरूरच्या गाडीने गेले होते. मी छेडलं, "बाहेर काढलं सिस्टरांनी, हुरडा दिला चुलत्याने. प्रमुखांनी केलं काय?"

ती चिडेल असं वाटलं होतं. ती बशीतल्या चहाकडे बघत म्हणाली, "तो बरा राहिला तर रुक्सानाचं श्रेय. नाही राहिला तर जाब मी द्यायचा. एवढंच करते." आणि थोड्या वेळाने, "आज गणेशचं बरोबर ठरलं असतं तर?"

मी चहाचे पैसे द्यायला उठलो.

हडपसरच्या गर्दीत तिचा फोन वाजला. आबांचा खणखणीत आवाज मला मागेसुद्धा ऐकू आला. "डॉक्टरीणबाई, पोरगं जेवलं. माझ्या शेजारी बसून जेवलं."

"बरं झालं, आबा," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला, चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिली. एरवी अशा वेळी मला काहीतरी खोडकर सुचतं. आज मी मागून माझा रुमाल पुढे केला. पाटातला चिखल पँटवर वाळून कडक झाला होता, समोर सिग्नल लाल होता आणि आम्हा दोघांनाही घरी पोचायची घाई नव्हती.