ब विंगची चोवीस दारे

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण आमच्या इमारतीत त्यांना लहानथोर सगळेच दाजी म्हणत. ताई म्हणायची, "लग्न झालं तेव्हा मला एकच भाऊ होता. इथे राहायला आल्यापासून अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं भाऊ झालीत. आणि एकाचाही उपयोग नाही." शेवटचे वाक्य माझ्याकडे बघून. दाजींना जाऊन आता चार वर्षे होतील. मी निवृत्तीला आलो आहे, डोक्यात जागा मोकळी होऊ लागली आहे, आणि त्या मोकळ्या जागेत हल्ली बहुतेक वेळा तेच येऊन बसतात.

आमची इमारत हमरस्त्याला लागून आहे. रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक. त्यामुळे बांधतानाच सगळ्या गॅलऱ्यांना आणि खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या. दोन काचा, मध्ये बोटभर बंद हवा, भोवती पांढरी चौकट. दार लावले की बाहेर ट्रक दिसतो, पण ऐकू येत नाही. दाजी तेव्हा पंचविशीत होते आणि ती दारे बसवणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होते. काम करता करता त्यांना इमारतच आवडली. पुढे त्यांनी अ विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर घेतले, ठेकेदाराची नोकरी सोडली आणि हँडले, लॉक, बिजागऱ्या दुरुस्त करण्याचा स्वतःचा धंदा सुरू केला. त्यानंतर काही वर्षांनी मी ब विंगमध्ये राहायला आलो.

त्यांची काम करण्याची एक पद्धत होती. तक्रार आली की ते लगेच हत्यारांची पेटी उघडत नसत. आधी घरातल्या माणसाला सांगत, "तुम्ही लावून दाखवा." माणसे मग अगदी सभ्यपणे, दोन बोटांनी दार लावत. दाजी मान हलवत. "असं नाही. हे पाहुण्यांसमोरचं झालं. मी घरात नसताना लावता तसं लावा."

ब विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांना सगळे बाई म्हणत. बाईंनी एकदा खरोखर रोजच्यासारखे दार लावून दाखवले. काच थरथरली, भिंतीवरचे कॅलेंडर तिरके झाले.

"बाई," दाजी म्हणाले, "त्याला छडी कशाला? ते काही नापास झालेलं नाही."

"नापासच आहे ते. तिसऱ्यांदा बसवताय तुम्ही त्याला!"

मला त्यांचे काम बघत बसायला आवडे. मी एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये आहे, शिक्षण कॉमर्सचे, आणि गोष्टी जागच्या जागी असल्या की मला बरे वाटते. दाजी जमिनीवर जुना टॉवेल अंथरत. हँडलची टोपी बोटाने फिरवली की खाली दोन स्क्रू दिसत. ते काढून टॉवेलवर डावीकडून उजवीकडे, निघाले त्या क्रमाने मांडत. मग दाराच्या कडेतून लांबलचक पट्टी बाहेर येई आणि तिच्या मध्यावर लॉकची पेटी. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. आत एक दातेरी चाक आणि एक स्प्रिंग. सगळ्या घराची सुरक्षितता त्या नखाएवढ्या स्प्रिंगवर. ती तुटलेली असली की दाजी ती तळहातावर घेऊन घरमालकाला दाखवत, दाताच्या डॉक्टरने उपटलेला दात दाखवावा तशी.

इमारतीच्या कमिटीचा सचिव मीच होतो. ज्याचे अक्षर बरे त्याच्या गळ्यात हे काम पडते. तक्रारींचे एक रजिस्टर मी ठेवले होते: तारीख, घर, तक्रार, उपाय, कारण, सही. "कारण" हा रकाना मी हौसेने आखला होता. तो नेहमी रिकामा राही.

एका वर्षी वार्षिक सभेपुढे विषय आला की ब विंगच्या गॅलरीची चोवीसही दारे काढून नवी बसवावीत. लॉक वरचेवर बिघडतात, माल हलका आहे, असे सगळ्यांचे मत होते. सभेला आकडे हवेत म्हणून मी चौदा वर्षांच्या नोंदी काढून एक तक्ता केला. गॅलरीच्या दारांच्या तक्रारी एकूण एकशे सहा. त्यातल्या ब विंगच्या अठ्ठ्याण्णव. अ विंगच्या फक्त आठ. दारे तीच, ठेकेदार तोच, वारासुद्धा तोच. तक्ता इतका देखणा झाला होता की मी तो हातात घेऊनच दाजींकडे गेलो.

त्यांनी तो चष्मा लावून वाचला. मग पुन्हा वाचला. ताई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "काय आहे एवढं त्यात? लॉटरी लागली का?"

दाजींनी तक्त्याची घडी घातली. मला म्हणाले, "तुझ्या घरी चल. तुझं गॅलरीचं दार उघडायचंय."

"लॉक ठीक आहे माझं."

"लॉक नाही. काच."

काच ते कधी उघडत नसत. लॉकच्या दुरुस्तीसाठी काचेला हात लावायची गरजच पडत नाही. त्या दिवशी त्यांनी पातळ पत्र्याच्या तुकड्याने काचेभोवतीची बीडिंगची पट्टी सोडवली, मला दोन्ही हातांनी काच धरायला सांगितली आणि वाकून तळाशी पाहिले. काचेखाली प्लॅस्टिकच्या दोन चपट्या पट्ट्या होत्या, दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर. त्यांना पॅकिंग म्हणतात. दाजींनी त्यातली एक चिमटीत धरून बाहेर काढली. तिचा एक कोपरा पक्कडीने तोडलेला होता.

"हा कोपरा मीच तोडायचो," ते म्हणाले. "म्हणजे घसरत नाही, असं तेव्हा डोक्यात होतं."

मग त्यांनी मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. दुहेरी काच जड असते. दार बिजागरीवर एका बाजूने लटकलेले असते, म्हणून हँडलची बाजू हळूहळू खाली झुकू पाहते. ती झुकू नये यासाठी एक पॅकिंग खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यात आणि दुसरी तिरकी समोर, हँडलच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घालायची. मग काचच दाराला ताठ धरते. अ विंगचे काम ठेकेदाराच्या जुन्या मिस्त्रीने करवून घेतले होते. पुढे तो आजारी पडला आणि ब विंग एकट्या दाजींच्या हाती आली. त्यांनी डोके चालवले: काचेचे वजन खाली दोन्हीकडे सारखे वाटून दिले की झाले, वरच्या कोपऱ्यात पट्टी कशाला? चोवीस दारे त्यांनी तशी बसवली. वर्षा-दोन वर्षांत दारे केसभर झुकली. लॉकचे आकडे चौकटीच्या खाचांसमोर येईनात. माणसे हँडल जोर लावून वर उचलू लागली, आणि आतली स्प्रिंग तुटू लागली. मग दाजींना बोलावणे जाई. दाजी नवी पेटी घालत, खाच थोडी घासून देत, आणि सगळे म्हणत, दाजींच्या हाताला गुण आहे.

"पुढे खरी पद्धत शिकलो की मी," दाजी म्हणाले. "दुसरीकडे शेकडो दारं नीट बसवली. पण इथली ती चोवीस..."

"तुम्हाला कधी शंका आली नाही?"

त्यांनी ती पट्टी बोटांत फिरवली. "आली होती. बाईंचं दार दुसऱ्यांदा बिघडलं तेव्हा. पण बीडिंग काढून बघायची हिंमत झाली नाही."

सभा आठ दिवसांवर होती. गप्प बसले तर नवी दारे येणार, जुनी भंगारात जाणार, आणि कुणाला कधीच काही कळणार नव्हते. बोलले तर काय जाणार होते ते ताईच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी टांगलेले होते. अकरा घरांच्या किल्ल्या. गावाला जाताना लोक आपली घरे दाजींवर सोपवून जात. कुणी सांगत, गॅसचं एकदा बघून घ्या. कुणी म्हणे, कुंड्यांना पाणी घाला. त्या अकरा खिळ्यांचा दाजींना जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचाच नव्हता.

ताई स्पष्ट म्हणाली, "गप्प बसा. नवी दारं येऊ देत, विषय संपेल. तुम्ही पेटी उचलून दिवसभर बाहेर जाल. मला रोज याच जिन्यावरून चढायचं-उतरायचंय."

"चांगली दारं आहेत गं ती. अजून तीस वर्षं टिकतील."

"दारांची काळजी आहे. माझी?"

"तुझी आहे म्हणून तर चार दिवस झोप नाही."

मीही त्यांना पळवाट देऊ केली. "दाजी, तुम्ही म्हणाल तर मी तक्ता मांडतच नाही. नुसता ठराव वाचतो."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला माझीच लाज वाटली. "तक्ता मांड. आणि तो 'कारण'चा रकाना रिकामा आहे ना? त्यात माझं नाव लिही."

सभेत ते उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती. टॉवेल अंथरून स्क्रू मांडावेत तसे त्यांनी एकेक वाक्य मांडले. आधी पॅकिंग कुठे असायला हवी होती. मग ती कुठे आहे. मग ती कुणी घातली. आणि शेवटी, शंका आली असूनही आपण पाहिले नाही, हेही. ते सांगितले नसते तरी चालले असते. मी मनात म्हणत होतो, एवढे तरी गाळा. त्यांनी गाळले नाही. "दारं काढू नका," ते म्हणाले. "मला रोज एक दार द्या. चोवीस दिवसांत नीट करून देतो."

मग चौथ्या मजल्यावरचे बँकवाले उठले. तापट माणूस, पण सरळ. त्यांचे लॉक पाच वेळा गेले होते. एकदा त्यांच्या म्हाताऱ्या आई अर्धा दिवस गॅलरीत अडकल्या होत्या. "म्हणजे बिघडवायचं पण तुम्ही आणि दुरुस्त पण तुम्हीच! आणि आम्ही वर तुमचे आभार मानायचे! माझ्या दाराला हात लावायचा नाही. आणि आमची किल्ली परत द्या."

ताई तिथूनच उठली, घरी गेली आणि किल्ली आणून त्यांच्या हातात दिली. ती किल्ली पुन्हा आमच्याकडे कधी आली नाही.

बाई मात्र म्हणाल्या, "उद्यापासून माझ्याकडे सुरू करा. चौदा वर्षं मी त्या दारावर ओरडले. त्याची काहीच चूक नव्हती हो."

मग हळूहळू सगळ्यांनी हो म्हटले. काहींनी मनापासून, काहींनी बाईंकडे बघून.

त्या तेवीस सकाळी माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या सकाळी होत्या. हे मला तेव्हा कळले नाही. तेव्हा मी ऑफिसला उशीर होईल म्हणून घड्याळ बघत असे. सात वाजता दाजी पेटी घेऊन येत. मी काच धरून उभा राही. बीडिंग निघाली की बाहेरचा रस्ता एकदम घरात शिरे. ट्रक, हॉर्न, कुणाची तरी हाक. प्रत्येक घराचा वास वेगळा. एका घरी इस्त्रीचा, एका घरी औषधांचा, एका घरी नुकत्याच आंघोळ झालेल्या बाळाचा. दाजी खालच्या कोपऱ्यात पट्टी सारत, मग तिरकी वरची, आणि दार डोळ्यांदेखत गव्हाच्या दाण्याएवढे वर उचलले जाई. रबरी हातोडीने बीडिंग परत ठोकली की रस्ता पुन्हा मुका. मग दाजी घरातल्या आजींना किंवा लेकरालाच हँडल उचलायला सांगत. ते एका बोटाने उचलले जाई. काही घरांत कौतुक होई. काही घरांत कुणी आतून बाहेरसुद्धा येत नसे. दाजी दोन्हीकडे तितकाच वेळ घेत.

चोविसावे दार राहिले. बँकवाल्यांनी दुसऱ्या एका कंपनीकडून नवे दार मागवले. रविवारी सकाळी त्यांची माणसे दार घेऊन आली. दाजी आमच्या घरी बसले होते. वर ठोकाठोकी सुरू झाली आणि त्यांचे बोलण्यातले लक्ष उडाले.

"वर जाऊन येतो."

"दाजी, अपमान करून घ्यायचाय का?"

"आत नाही जात. जिन्यात उभा राहतो."

मी पाठोपाठ गेलो. बँकवाल्यांचे पुढचे दार सताड उघडे होते, आणि थेट गॅलरीपर्यंत दिसत होते. कंपनीच्या दोघा माणसांनी काच दाराच्या चौकटीत ठेवली होती आणि खाली दोन पट्ट्या घालून, वर काहीही न घालता, बीडिंग उचलली होती. दाजींनी कठडा घट्ट धरला. मला वाटले, आता वळतील आणि खाली उतरतील.

"ओ!" ते जिन्यातूनच ओरडले. "तिरकी! वरच्या कोपऱ्यात तिरकी घाला! मी चोवीस दारांत हेच केलं होतं!"

कारागिरांनी चमकून मागे पाहिले. बँकवाले आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी जिन्यात उभ्या दाजींकडे पाहिले, मग काचेकडे, मग पुन्हा दाजींकडे. मी मनातल्या मनात दाजींना कोपराला धरून खाली नेऊ लागलो होतो.

"जिन्यातून काय बोंबलताय?" बँकवाले म्हणाले. "सगळी इमारत गोळा कराल. आत या आणि दाखवा त्यांना कशी घालायची ती."

दाजी चपला काढून आत गेले. मी जिन्यातच थांबलो. काम दहा मिनिटांचे होते. आधी हातोडीचा आवाज आला, मग दार लागले आणि रस्ता मुका झाला, मग बँकवाल्यांच्या आईंचा आवाज आणि कसलेसे हसणे. अर्धा तास झाला, तासही झाला. शेवटी मी एकटाच खाली येऊन जेवायला बसलो.