लिदाचं पिंप

गाडी मी चालवायचो आणि बोलायचं काम फोस्काचं. ही वाटणी आम्ही कधी मोडली नाही. मी बोललो असतो तर पाहुणे पळून गेले असते, आणि तिने गाडी चालवली असती तर पळायला उरलेच नसते. सकाळी फ्लॉरेन्सच्या स्टेशनासमोरून निघायचं, सान जिमिन्यानोचे मनोरे, मोंतेरिज्जोनीचा तट आणि सिएनाचा चौक दाखवायचा, आणि दुपार कलली की पोज्जो मेर्लोच्या मळ्यावर वाइन पाजायची. एका दिवसात एवढं सगळं. पाहुणे संध्याकाळी उतरताना आपण टस्कनी जिंकल्यासारखे उतरायचे.

फोस्का लापिनी ठेंगणी, रापलेली, पायात पुरुषी बूट आणि गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. जीभ मात्र विंचवाच्या नांगीची. सान जिमिन्यानोत कुणी विचारलं की इतके मनोरे बांधले कशाला, तर म्हणायची, "शेजाऱ्याला जळवायला. मग शेजाऱ्याने त्याहून उंच बांधला. पैसा संपला तेव्हा कुठे सगळ्यांना अक्कल आली." माझी ओळखही तीच करून द्यायची. "हा ओरेस्ते, पोज्जिबोन्सीचा. त्याच्या गावात बघण्यासारखं काही नाही, म्हणून बिचारा रोज आपल्याबरोबर येतो." पाहुणे हसायचे. मी आरशात डोळे वटारायचो. वळणावर जरा जोरात गेलो की तिचा हात खांद्यावर यायचाच. "हळू रे बाबा! मागे माणसं आहेत, द्राक्षांच्या पाट्या नाहीत."

पोज्जो मेर्लो हे तिचं माहेर. तिचा बाप गोस्तो त्या मातीत राबून राबून शेवटी मालक झाला, आणि तो गेल्यावर तिच्या भावाने वर्षाच्या आत मळा मिलानच्या एका कंपनीला विकून टाकला. फोस्काच्या वाट्याला जे आलं ते घटस्फोटित नवऱ्याच्या जुन्या कर्जात गेलं. ज्या अंगणात ती रांगली, त्याच अंगणात आता ती रोज परक्यांना घेऊन यायची आणि म्हणायची, "या, सांभाळून, पायरी उंच आहे." मला हे बघवत नसे. मी एकदा तिला म्हटलं, "दुसरा मळा घे की. या भागात मळ्यांना काय तोटा?"

"दुसऱ्या मळ्यात लिदाचं पिंप आहे का?" ती म्हणाली.

लिदा तिची मुलगी, एकुलती एक. आमच्या बाजूच्या काही जुन्या घरांत रीत अशी की मुलगी जन्मली म्हणजे त्या वर्षीची द्राक्षं गवतावर वाळवायची, त्यांची गोड वाइन, विन सांतो, एका छोट्या पिंपात भरायची, लाखेने तोंड बंद करायचं आणि पिंप माळ्यावर ठेवून द्यायचं. उन्हाळ्यात कौलं तापतात, हिवाळ्यात गारठतात, त्यातच ती मुरते. पिंप जागचं हलवायचं नाही. उघडायचं ते मुलीच्या लग्नात, आईच्याच हाताने. आणि एकदा उघडलं की लग्न लावायचंच, आभाळ कोसळलं तरी मागे हटायचं नाही. तळाशी जो दाट काळपट गाळ उरतो त्याला आम्ही आई म्हणतो. दह्याला विरजण लागतं तशी विन सांतोला ती लागते. लिदाच्या पिंपातली आई फोस्काच्या पिंपातून आली होती, फोस्काच्या पिंपातली तिच्या आईच्या, आणि त्याच्या मागे किती बायका होत्या ते कुणालाच ठाऊक नाही.

मळा विकताना फोस्काने एवढंच मागून घेतलं होतं: हे पिंप इथेच राहील आणि याला कुणी हात लावणार नाही. तेव्हाचा मळ्याचा कारभारी बाल्दो, तिच्या बापाचा दोस्त. त्याने छातीवर क्रूस काढून शब्द दिला.

मला रडारड सोसत नाही, म्हणून पुढचं झटपट सांगतो. लिदा सव्विसाव्या वर्षी गेली. भर दुपारी, सरळ रस्त्यावर, स्कूटरवरून घरी येताना. समोरून भाजीचा टेम्पो आला आणि सगळं संपलं. साधी, हसरी पोर, दातांत फट, शाळेत लहान मुलांना शिकवायची. मातीला सगळा गाव आला होता. फोस्का रडली नाही. थडग्याशी उभी राहून ती फक्त लोकांना वाट करून देत होती, पाहुण्यांना देते तशी.

महिन्याभरात ती कामावर परतली. पहिल्याच फेरीत, माळ्यावर, रीत ऐकल्यावर एका बाईने त्या लाल लाखेच्या पिंपाकडे बोट दाखवून विचारलं, "मग, नवरीचं लग्न कधी?" मी जिन्यात होतो. फोस्का म्हणाली, "तिला काही घाई नाही हो. आजकालच्या मुली! एकही मुलगा पसंत पडत नाही." पाहुणे हसले.

परतताना मी म्हटलं, "फोस्का, हे काय बोललीस?"

"खाली ती मेलेली आहे," ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली. "घरी मेलेली, बाजारात मेलेली, चर्चमध्ये मेलेली. त्या माळ्यावर ती अजून लग्नाची आहे. तेवढं राहू दे ना रे मला. माझ्या मरेपर्यंत ते पिंप बंद राहिलं की झालं, मग काय वाटेल ते करा."

मी ते तसंच राहू दिलं. त्यानंतर रोज त्या माळ्यावर लिदाचं लग्न ठरता ठरता राहायचं. कधी नवरा मुलगा सिएनाचा, म्हणजे फ्लॉरेन्सवाल्यांच्या जुन्या वैऱ्यांचा, निघायचा म्हणून मोडायचं, कधी त्याची आई खाष्ट म्हणून. फोस्का इतकं रंगवून सांगायची की कधीकधी मलाही वाटायचं, संध्याकाळी लिदा स्टेशनावर आईची वाट बघत उभी असेल. बाल्दो कोपऱ्यात उभा राहून टोपी चुरगाळायचा.

मग बाल्दोचे गुडघे गेले आणि तो मुलाकडे राहायला गेला. त्याच्या जागी तित्सियानो आला. उत्तरेकडचा, ब्रेशाजवळचा, पस्तिशीतला. चकचकीत स्टीलच्या टाक्यांमध्ये वाढलेला गडी. तळघर आरशासारखं लख्ख ठेवायचा. माणूस मात्र लोण्यासारखा. फोस्काला 'सिन्योरा' म्हणायचा, तिच्यासाठी सावलीत खुर्ची मांडायचा. पिंपाला हात लावायचा नाही एवढं बाल्दोने त्याला सांगितलं होतं, "ते सिन्योराच्या मुलीच्या लग्नाचं आहे" एवढंच. बाकीचं सांगितलं नाही. आमच्याकडे लोक शेजाऱ्याच्या कोंबडीच्या अंड्यावरही तासभर बोलतील, पण कुणाच्या मेलेल्या पोरीचं नाव बाहेरच्या माणसापुढे काढणार नाहीत. ते वाईट समजतात. मीही काढलं नाही.

त्या वर्षी जूनमध्ये एक डच आजीबाई भेटल्या. त्या काही सोडायलाच तयार नव्हत्या. "पण कधी? नक्की कधी?" उकाडा मरणाचा होता, कौलं भाजत होती, फोस्का दमली होती. ती म्हणाली, "सप्टेंबरात. या सप्टेंबरात एकदाचं उरकतोय." आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. जिन्याच्या तोंडाशी तित्सियानो ग्लासांचा ट्रे घेऊन उभा होता. त्याचाही चेहरा फुलला. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, एकाला तरी आनंद झाला.

सप्टेंबरात, द्राक्षतोडीच्या धामधुमीत, आम्ही नेहमीसारखे मळ्यावर पोचलो. गाडी फाटकातून आत घेतली आणि मला आधी दिसलं ते विहिरीजवळ. उन्हात एक छोटं पिंप उपडं घातलेलं, ओलं, स्वच्छ घासलेलं. कडेला लाल लाखेचा एक तुकडा अजून चिकटलेला. मी ब्रेक इतक्या जोरात दाबला की मागे कुणीतरी ओरडलं.

"हळू रे," फोस्का सवयीने म्हणाली. मग तिने माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं.

अंगणात तुतीखाली लांब टेबल, त्यावर पांढरंशुभ्र कापड. प्रत्येक ताटलीपाशी जाळीच्या पुरचुंडीत पाच साखरेचे बदाम, लग्नात वाटतात तसे. मधोमध मधाच्या रंगाच्या बाटल्या, मानेला रेशमी फीत, आणि प्रत्येकीवर सुबक अक्षरांत 'लिदा'. तित्सियानो इस्त्रीचा सदरा घालून पुढे आला, कानापर्यंत लाल झालेला.

"सिन्योरा, तुम्ही एकट्या. तुमचं घरही आता इथे नाही. मला वाटलं, लग्नाच्या गडबडीत तुम्हाला हे कसं जमणार? म्हणून मीच... काल तुम्ही गेल्यावर उघडलं आणि रात्रभर बसून हळूहळू गाळून घेतली. अहो, काय उतरली आहे म्हणून सांगू! माझ्या जन्मात अशी चाखली नाही."

फोस्काने विहिरीकडे हात केला. "आणि तळाचं?"

"तो गाळ? काळजीच नको. तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं. पुन्हा भरायचं म्हणजे पिंप कसं लख्ख हवं. उद्या नातवंडं होतील!"

मी गाडीतून उडी मारली. त्याची गचांडीच धरणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं, मूर्खा, कुठली नातवंडं, कुठलं लग्न! फोस्काने न बघताच माझ्या छातीवर हात ठेवला. तो हात बर्फासारखा गार होता, सप्टेंबरच्या त्या उन्हात.

ती टेबलाकडे गेली. एक बाटली उचलली, फितीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता ती फोडणार, नाहीतर खाली बसणार. तित्सियानोच्या चेहऱ्यावरचं हसू विझायला लागलं होतं. काहीतरी चुकलंय एवढं त्याला कळलं, काय ते कळेना. "सिन्योरा, मी काही...?"

फोस्काने त्याच्या गालावर थोपटलं. "चांगलं केलंस, पोरा. आता उघडलंय, तर थांबून कसं चालेल?" मग ती पाहुण्यांकडे वळली आणि तिचा तो रोजचा, चौकात शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज लावला. "मंडळी, या, बसा. आज माझ्या मुलीचं लग्न आहे."

पाहुण्यांना काय, पर्वणीच! सगळे धावत टेबलाशी आले. नवरी कुठे, असं कुणीतरी विचारलं. "नवरा-नवरी निघून गेली पुढे," फोस्का म्हणाली. "तरुण पोरं, थांबतात थोडीच? आईने मागे राहून पाहुणे बघायचे." आणि ती टेबलाभोवती फिरत आपल्या हाताने एकेकाचा ग्लास भरू लागली. एक थेंब सांडला नाही. पाहुण्यांनी ग्लास उंचावून नवरा-नवरीचा जयजयकार केला, तित्सियानो तर सगळ्यांत मोठ्याने ओरडला. फोस्काने माझ्यापुढे ग्लास धरला. "घे ओरेस्ते. तू घरचा आहेस."

मी प्यालो. मनुका, मध, जळकं लाकूड, आणि मागून एक कडवट चव. ती दातांत फट असलेली पोर माझ्या डोळ्यांसमोर आली. फोस्काने शेवटी स्वतःसाठी ओतली, उभ्यानेच, एका दमात संपवली. मग विहिरीपाशी जाऊन तिने ते पिंप सरळ केलं, आत हात घालून तळ चाचपला, आणि बोटं नाकाशी नेली. कसलाच वास आला नसणार. मग तिने बोटं स्कर्टला पुसली.

परतीच्या वाटेवर माइक तिच्या मांडीवर पडून होता. पोज्जिबोन्सीचा फाटा आला तरी माझ्या गावावर एक टोमणा नाही. मी मुद्दाम वळण जोरात घेतलं. खांद्यावर हात आला नाही. तेव्हा मी वळून पाहिलं. फोस्का रडत होती. मातीच्या दिवशी जे आलं नव्हतं ते सगळं आता आलं होतं, तोंड उघडं, खांदे गदगदताहेत, आवाज आवरत नाही.

मागच्या आसनावर हेझल नावाची एक कॅनडाची म्हातारी होती. ती सीट धरत धरत पुढे आली, फोस्काच्या खांद्याला हात लावला आणि आपला घडीचा रुमाल पुढे केला.

"रडून घ्या हो," ती म्हणाली. "माझी लेक लग्न करून लांब गेली तेव्हा मी आठवडाभर अशीच रडत होते. वाटतं घर रिकामं झालं. पण येतात बघा मुली परत. नाताळला येतात."

फोस्काने रुमाल घेतला.

"हो," ती म्हणाली. "नाताळला येते म्हणालीय."