ओवे गावचे दोन राजदूत

दीनानाथ म्हात्रे बारा वर्षं आखातातल्या एका सुलतानाच्या राजवाड्यात टायपिस्ट होते. परदेशी राजदूतांची ऊठबस पाहणारी जी कचेरी होती, तिथे. मेजवानीला कुणी कुठे बसायचं, सुलतानाशी हस्तांदोलन आधी कुणी करायचं, याच्या याद्या ते टाइप करायचे. १९९१ साली ते पनवेलला परतले, पण कचेरी काही डोक्यातून गेली नाही. घरी चार पाहुणे आले की पहिला कप कुणाला, यावर त्यांचा विचार चालायचा आणि चहावर साय धरायची. मग त्यांची बायको सुनंदा ट्रे ओढून घ्यायची आणि दिसेल त्याच्या हातात कप द्यायची.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचं, चारुताचं लग्न ओव्याच्या दीपेशशी ठरलं. दीपेशला दोन काका. दाजी वयाने मोठे, काशिराम माजी सरपंच. मानाची शाल आधी कुणाला, यावरून साखरपुड्यातच दोघे न जेवता उठले होते.

दीनानाथांची कळी खुलली. "एवढंच ना? देश केवढा, हे आमच्याकडे राजवाड्यात बघतच नसत. ज्या राजदूताने आपलं नेमणुकीचं पत्र सुलतानाला आधी दिलं, तो कायम पुढे. इथे मांडवात जो आधी येईल, त्याला आधी शाल." तसा निरोपही त्यांनी ओव्याला धाडला.

मुहूर्त साडेअकराचा होता. सकाळी साडेसहाला, मांडववाले अजून खुर्च्या उतरवत असताना, दोन रिक्षा एकदमच दाराशी थांबल्या. फेटे बांधलेले दोघे काका धावले आणि मांडवाच्या अरुंद दारात खांद्याला खांदा लागून अडकले.

"मी पयला आलो!" दाजी म्हणाले.

"तुजा पाय भायेरच हाय अजून!" काशिराम म्हणाले.

दीनानाथ गालावर दाढीचा साबण तसाच घेऊन घरातून बाहेर आले. दोन राजदूत दारात अडकल्याचा प्रसंग बारा वर्षांत आला नव्हता.

मागून सुनंदा आली. "अहो, शालीचं राहू द्या. अंतरपाट धरायला दोघं लागतात. एक टोक दाजीभाऊंना, एक काशिरामभाऊंना."

दोघे दारातून मोकळे झाले. मग दाजींनी संशयाने विचारलं, "पन उजव्या अंगाला कोन?"

इथे मात्र दीनानाथांना कंठ फुटला. "नवरीकडून बघितलं तर तुम्ही, नवऱ्याकडून बघितलं तर काशिरामभाऊ."

हे दोघांनाही पटलं.

मंगलाष्टकं संपली. भटजींनी खूण केली, अक्षता पडल्या, बँडही सुरू झाला. अंतरपाट मात्र जागचा हलेना.

"तू सोड."

"मी नाय, आदी तू."

भटजींनी हात जोडले. दीपेश हार धरून धरून अवघडला. शेवटी चारुता वाकली, अंतरपाटाखालून पलीकडे गेली आणि तिने त्याच्या गळ्यात हार घातला. मांडवभर हशा उसळला. हसता हसता दाजींच्या हातून टोक सुटलं, आणि काशिरामना एवढं हसू आलं की जिंकल्याचं सांगायचंही राहून गेलं.

दोघे एकाच पंगतीत शेजारी जेवले. दीनानाथांनी आग्रह करून वाढलेली जिलेबी खाताना दाजी म्हणाले, "इहीनबायना न्यायाचं व्हतं त्या राजवाड्यात. तुमी घरी ऱ्हायला चाललं असतं."

"खरंय," दीनानाथ म्हणाले, आणि सुनंदाला ते ऐकू जावं म्हणून त्यांनी ते जरा मोठ्यानेच म्हटलं.